हिंगोलीची रेल्वे आणि जवळचा प्रवास

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला आणि मी म्हणालो, "हिंगोलीची रेल्वे", तेव्हा फोनवर जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, सर, तुमचं तर तत्त्वज्ञान ना? मी म्हटलं, हो, म्हणूनच. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना "एखादी गोष्ट कशासाठी आहे" हा प्रश्न विचारायला शिकवला, त्याने निवृत्तीनंतर तो प्रश्न आपल्या गावच्या स्टेशनला विचारला तर त्यात वावगं काय? (हशा)

तर माझा आजचा प्रश्न साधा आहे. पूर्णा ते अकोला हा जो दोनशे किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा रेल्वेमार्ग हिंगोलीतून जातो, तो कशासाठी बांधला गेला? आणि कोणासाठी? इतिहास बघितला तर उत्तर दर वेळी वेगळं येतं. पण एक गोष्ट मात्र बदलत नाही. हा मार्ग दर वेळी लांबच्या कोणाच्या तरी सोयीसाठी झाला किंवा सुधारला. हिंगोलीहून वाशीमला, वसमतहून नांदेडला, परभणीला रोज जाणारा माणूस त्या हिशेबात जवळजवळ कधीच नव्हता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आधी इतिहास म्हणून सांगतो. तक्रार नंतर करू.

सुरुवात रेल्वेच्या साठ वर्षं आधीपासून करावी लागेल, कारण रूळ कुठे थांबायचा हे तेव्हाच ठरून गेलं होतं. आपल्या हिंगोलीत इंग्रजांच्या काळात छावणी होती, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती हैदराबाद कंटिंजंटची छावणी. म्हणजे फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून. हा खर्च वर्षानुवर्षं थकत गेला. शेवटी १८५३ साली तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आता गंमत बघा. हिंगोलीत जे शिपाई राहत होते, त्यांच्या पगारासाठी वाशीम इंग्रजांकडे गेलं. आपल्या आणि वाशीमच्या मधे जी सरहद्द आली, ती एका अर्थाने आपल्याच गावच्या छावणीचं बिल होतं.

ही सरहद्द नकाशावर होतीच, व्यवहारातही होती. माझी एक आत्या वाशीमकडे दिलेली होती. आजोबा तिला भेटायला जायचे, त्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. लेकीच्या हातावर दोन रुपये ठेवायचे तर आधी ते बदलून घ्यायचे. मधे करोडगिरीचा नाका. कनेरगावला आपण आजही कनेरगाव नाका म्हणतो, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही तेच नाव आहे. आता तिथे कोणी गाडी अडवून गाठोडी सोडायला सांगत नाही, पण नावात तो नाका अजून उभाच आहे. लग्नसंबंध दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, बोलीही बरीचशी एक. राज्यं मात्र दोन.

आता रेल्वेकडे येऊ. इंग्रजांच्या बाजूला रेल्वे फार लवकर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा भुसावळ-नागपूर मार्ग अकोल्यावरून १८६७ पर्यंत नागपूरला पोचला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला होता, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. किती हवा होता? खामगावच्या कापूस बाजारापर्यंत खास फाटा टाकला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापसाच्या गाठी बोटीवर पोचाव्यात म्हणून रेल्वे आणि तिच्यासाठी व्हाइसरॉय. माणसांनीही तिचा उपयोग केला, पुष्कळ केला, पण ते नंतरचं.

निजामाच्या बाजूला १८७४ साली वाडीहून सिकंदराबादला ब्रॉडगेज गाडी आली. आपल्या भागात मात्र रूळ यायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०० च्या आगेमागे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग झाला, सिकंदराबाद ते मनमाड. नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद हे सगळं त्यावर. हा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, कारण तो स्वस्तात होतो. त्याची शिक्षा आपण पुढची नव्वद वर्षं भोगली. मनमाडला ब्रॉडगेज सुरू होई, त्यामुळे माल उतरवा, दुसऱ्या डब्यात भरा. माणसांनीही उतरा, बोचकी घ्या, दुसऱ्या फलाटावर पळा.

या मार्गाचा पूर्णेहून हिंगोलीपर्यंत फाटा झाला तो १९१२ साली. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेचा, सुमारे ८० किलोमीटरचा. 'गॅरंटीड' का? तर भांडवल लावणाऱ्यांना ठरावीक व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. गाडी रिकामी धावली तरी व्याज पोचणार. ही हमी भागधारकाला होती, उताराला नव्हती. (हशा) आणखी एक विसंगती लक्षात घ्या. कंटिंजंट फौज १९०३ साली हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि छावणीचं गाव म्हणून हिंगोलीचे दिवस संपले. त्यानंतर नऊ वर्षांनी रेल्वे आली. म्हणजे ती फौजेसाठी आली नाही. हिंगोली कापसाची मोठी पेठ होती, रेल्वे तिच्यासाठी आली.

आणि ती इथेच थांबली. पुढे वाशीम पन्नास किलोमीटरच्या आत. अकोल्याचं ब्रॉडगेज स्टेशन सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरवर. पण रूळ हिंगोलीच्या पुढे गेला नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जवळजवळ पन्नास वर्षं गेला नाही. मधे डोंगर आहे का? सातपुडा तर अकोल्याच्याही पलीकडे. नदी म्हणाल तर पैनगंगा, ती काही गोदावरी नव्हे. अडथळा होता तो सरहद्दीचा. पलीकडे दुसरं सरकार, दुसरी कंपनी, दुसरं गेज. निजामाच्या रेल्वेला आपला कापूस वऱ्हाडच्या स्टेशनावर नेऊन देण्यात काय रस? उलट तो आपल्याच रुळांवरून जास्तीत जास्त लांब जावा यातच तिचं भाडं. म्हणून हिंगोलीचा कापूस मुंबईला निघाला की आधी दक्षिणेला पूर्णेला जायचा, मग पश्चिमेला मनमाडला, तिथे डबे बदलायचा आणि मग मुंबई. आजोबा सांगायचे, रेल्वे आल्यावरसुद्धा काही शेतकरी बैलगाड्या जुंपून अकोल्याच्याच वाटेला लागत. लोकांचा हिशेब आणि कंपनीचा हिशेब वेगळा होता, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या स्टेशनचं पूर्ण नाव 'हिंगोली डेक्कन' आहे. हैदराबाद डेक्कन, तसं हिंगोली डेक्कन. मला ते नाव नेहमी त्या काळाची खूण वाटतं. कुठून पाहिलं असता हिंगोली 'डेक्कन' दिसते, हे ज्याने त्याने ठरवावं.

पुढची काही वर्षं मी भराभर ओलांडतो. १९३० साली राज्याने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. त्याआधीच्या वर्षभरात सरहद्दीवर काय काय झालं, करोडगिरी नाक्यांवर कसे हल्ले झाले, ते या मालेत इतरांनी सविस्तर सांगितलं आहे. १९५१ साली निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत आली. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यपुनर्रचनेत, मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. १८५३ ते १९५६. हिंगोली आणि वाशीम एकाच राज्यकारभाराखाली यायला एकशेतीन वर्षं लागली.

साहजिक वाटेल, की आता दोन शेजारी एक झाले म्हणून रूळ जोडला गेला. मी पण लहानपणापासून तसंच समजत होतो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, आमच्या गावच्या शिवारातून मातीचे बांध पडत होते, खडी येत होती. वडील म्हणाले, आता आत्याकडे गाडीने जायचं. मला वाटलं, सरकार आमच्या आत्यासाठी रेल्वे बांधतंय. (हशा) पुष्कळ वर्षांनी वाचन केलं तेव्हा कळलं. हा खंडवा-हिंगोली जोडमार्ग. त्याचा हेतू असा, की राजस्थान-माळव्याकडचं मीटरगेजचं जाळं आणि दक्षिणेतलं मीटरगेजचं जाळं ही दोन वेगवेगळी पडली होती, ती सांधायची. अजमेरचा डबा रतलाम, खंडवा, अकोला, पूर्णा असा करत मधे कुठेही माल न उतरवता सिकंदराबादला आणि पुढे जावा. १९६०-६१ च्या सुमारास हा मार्ग पुरा झाला. मेळघाटात धूळघाटजवळ रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच अंगावरून जातो, एवढी चढण त्यांनी काढली. अभियांत्रिकी म्हणून थोर काम आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या थोर कामाच्या हेतूत वाशीमची आत्या नव्हती.

म्हणजे १९१२ साली गाडी हिंगोलीपर्यंत आली. १९६० च्या सुमारास ती हिंगोलीतून गेली. हिंगोलीसाठी अशी ती कधी आली?

उत्तर अगदीच निराशेचं नाही, प्रामाणिकपणे सांगायला हवं. काचीगुडा आणि जयपूरला जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस इथून जायची, तिचा रुबाब सगळ्यांना आठवत असेल. पण तिच्यामागून वाफेच्या इंजिनाच्या पॅसेंजर जायच्या, आणि खरा उपयोग त्यांचा होता. दूधवाले, भाजीवाल्या बाया, कोर्टाच्या तारखेला निघालेले पक्षकार, पूर्णेच्या रेल्वे वसाहतीतली कामगार मंडळी, चोंढीला उतरून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणारी कुटुंबं. कोणी खास योजना केली नव्हती. लांबच्या गाड्यांसाठी रूळ पडला, गाड्या कमी होत्या, उरलेल्या जागेत जवळचा प्रवास वाढला. 'उरलेल्या जागेत' हे शब्द ध्यानात ठेवा, मी पुन्हा तिथे येणार आहे.

मग गेजबदलाची गोष्ट. मराठवाड्याने ब्रॉडगेजसाठी किती वर्षं आंदोलन केलं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. मराठवाडा जनता विकास परिषद, स्वामी रामानंद तीर्थ, त्यांच्यानंतर गोविंदभाई श्रॉफ. ज्या माणसांनी निजामाविरुद्ध लढा दिला, त्यांनीच स्वराज्यात रुळांच्या रुंदीसाठी निवेदनं दिली, मोर्चे काढले. आम्ही विद्यापीठात शिकत होतो तेव्हा त्यातल्या सभा ऐकल्यात. नव्वदच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज औरंगाबाद, परभणी, नांदेड अशी पुढे सरकत आली. आणि मग आपली पंचाईत झाली. पूर्वी मनमाडला गाडी बदलायची, आता पूर्णेला. शेवटी २००८ मध्ये पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झाली आणि दिल्ली-मुंबईच्या रुळांना हिंगोली सरळ जोडली गेली. मोठा दिवस होता. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले.

पण त्याच वेळी अकोल्याच्या पलीकडे मीटरगेजच राहिली. १९६० च्या सुमाराला जो जोडमार्ग म्हणून केला, तो अकोल्याला तुटला. १ जानेवारी २०१७ पासून अकोला-खंडवा मीटरगेज बंद झाली. अकोट ते अकोला ब्रॉडगेज होऊन २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. पुढचा रूळ मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा की बाहेरून, यावर वाद झाला. राज्य सरकारने २०२१ साली जंगलाबाहेरचा मार्ग घ्यावा असं लेखी कळवलं. मी स्वतः वाघांच्या बाजूचा आहे. वळसा पडला तर पडू दे, त्या वळशावर गावं आहेत, त्यांना गाडी मिळेल. असो. तो वेगळा विषय.

आता जरा यंत्राच्या पोटात शिरू, कारण 'क्षमता' हा शब्द आपण फार सैल वापरतो. पूर्णा-अकोला हा मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. समोरून येणारी गाडी असेल तर तुमची गाडी स्टेशनवर लूपला घेऊन थांबवायची. किती गाड्या मावतील याचं एक जुनं सूत्र आहे, रेल्वेवाले त्याला स्कॉटचं सूत्र म्हणतात. दिवसाची १,४४० मिनिटं घ्या. सगळ्यात लांबचा जो टप्पा असेल तो पार करायला गाडीला लागणारी मिनिटं, त्यात सिग्नल-ब्लॉकच्या कामाची पाच मिनिटं मिळवा आणि त्या बेरजेने भागा. समजा टप्प्याला १५ मिनिटं लागली. १५ अधिक ५ म्हणजे २०. १,४४० भागिले २०, आले ७२. पण सगळं आदर्श चालत नाही, दुरुस्ती असते, उशीर असतो, म्हणून त्याचे सत्तर टक्के घ्यायचे. म्हणजे पन्नास. दोन्ही दिशा मिळून. हा मी समजण्यासाठी घेतलेला आकडा आहे, आपल्या मार्गाचा नव्हे.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, सगळ्यात लांबचा टप्पा पूर्ण मार्गाची क्षमता ठरवतो. पन्नास कोटी खर्चून सगळीकडे गुळगुळीत केलं आणि एक टप्पा तसाच ठेवला, तर फार फरक पडत नाही. मधे एक क्रॉसिंग स्टेशन घातलं तर पडतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे सूत्र सगळ्या गाड्या सारख्या मोजतं, प्रत्यक्षात त्या सारख्या नसतात. सगळीकडे थांबणारी पॅसेंजर एक्स्प्रेसपेक्षा जास्त वेळ रूळ अडवून ठेवते. म्हणून गर्दी झाली की नियंत्रकाच्या तक्त्यावर पहिला बळी तिचाच. लूपला कोण जाणार? पॅसेंजर. एक्स्प्रेस उशिरा आली, तरी थांबणार कोण? पॅसेंजर. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. मार्ग लांबच्या गाडीसाठी आहे असं एकदा गृहीत धरलं, की जवळची गाडी ही अडचण ठरते. तर्कशास्त्रात आम्ही शिकवायचो, निष्कर्ष चुकीचा वाटला तर आधी गृहीतक तपासा.

मी जिथे शिकवत होतो, त्या गावाचं आणि महाविद्यालयाचं नाव नको. सकाळच्या वर्गाला सात-आठ मुलं-मुली गाडीने येत. गाडी वेळेवर तर वर्ग भरलेला, नाहीतर मागचे दोन बाक रिकामे. मी हजेरी घेण्याआधी खिडकीतून स्टेशनच्या रस्त्याकडे बघायचो. त्यात एक मुलगी होती, एका लहानशा स्टेशनवरून येणारी. प्लेटो वाचून खरोखर अस्वस्थ होणारी विद्यार्थिनी, दहा वर्षांत एखादी मिळते तशी. एका वर्षी वेळापत्रक बदललं आणि ती गाडी दीड-दोन तास पुढे गेली. बस गावातून नव्हती, घरचे जीपने पाठवायला तयार नव्हते. दिवाळीनंतर ती आली नाही. मी एकदा घरी जाऊन आलो. तिचे वडील म्हणाले, सर, गाडी होती तोवर शिकली. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. पाऊस पडला नाही, तसं गाडी राहिली नाही. ज्या कोणी वेळापत्रकात तो बदल केला असेल, त्याच्यासमोर कुठल्या तरी लांबच्या गाडीचा प्रश्न असणार आणि तो त्याने नीट सोडवला असणार. त्याच्या कागदावर ही मुलगी नव्हती, एवढंच.

आता गेल्या काही वर्षांतलं बघा. मार्च २०२० मध्ये करोनामुळे पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पुढे सुरू झाल्या त्या 'स्पेशल' या नावाने, एक्स्प्रेसचं भाडं लावून. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं. गाडी तीच, डबे तेच, थांबे तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परत दहा झालं. मधली जवळजवळ चार वर्षं ज्यांनी वीस रुपये जास्त मोजले किंवा प्रवासच सोडला, ते कोण? पूर्णेला जाणारा, वसमतला जाणारा. मुंबईच्या प्रवाशाला वीस रुपयांनी फरक पडत नाही.

मार्च २०२४ मध्येच जालना-मुंबई जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली. चांगलं झालं. माझा नातू त्या गाडीने येतो, मी कशाला तिची निंदा करू? शिवाय हे आपलं संतांचं गाव. ज्या नामदेवांचं गाव म्हणून नरसी ओळखली जाते, ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. लांबच्या प्रवासाला आपण नाही म्हणणारे नव्हे. पण हिंगोलीत कोणाला विचारा, रेल्वेने काय हवं, तर उत्तर येतं मुंबई, पुणे, तिरुपती. हे उत्तर चुकीचं नाही, मात्र ते वर्षातून दोनदा करायच्या प्रवासाचं आहे. रोजच्या प्रवासाची मागणी कोणी करत नाही, कारण तो आपण बसने आणि काळी-पिवळीने निभावून नेतो, आणि जे निभतं त्याला आपण गरज म्हणत नाही.

आता मुख्य मुद्दा. परभणी ते मुदखेड रूळ दुहेरी झाला आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी, सुमारे १७७ किलोमीटर, दुहेरी करायला ३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने मंजुरी दिली. तिकडे अकोल्याचा मुंबई-हावडा मार्ग कधीचाच दुहेरी. म्हणजे पूर्णेला दुहेरी, अकोल्याला दुहेरी आणि मधे आपण एकेरी. दोन्ही टोकांना दाब वाढला की मधली वाट मोकळी करावीच लागेल, आज नाही तर दहा वर्षांनी. दुहेरीकरणाची मागणी आहेच, ती योग्यच आहे. माझी भीती अशी, की दुहेरी झाल्यावर जी जागा होईल ती आधीच कोणाच्या तरी नावावर लागलेली असेल. मालगाड्या, उत्तर-दक्षिण एक्स्प्रेस. १९१२, १९६०, २००८, तिन्ही वेळा तसंच झालं. १९६० नंतर जवळच्या माणसाला उरलेली जागा मिळाली, कारण तेव्हा जागा उरत होती. आता उरणार नाही. म्हणून रूळ मागताना त्याच अर्जात वेळापत्रक मागितलं पाहिजे.

यासाठी स्वित्झर्लंडचं उदाहरण सांगतो. श्रीमंत देश म्हणून सोडून देऊ नका, कल्पना गरिबालाही परवडते. तिथे १९८२ पासून देशभर एक पद्धत आली, गाडी दर तासाला, त्याच मिनिटाला. सातला पाच कमी असताना निघाली, तर आठला, नवाला, दिवसभर पाच कमी असतानाच. १९८७ साली त्यांनी पुढचा आराखडा लोकांपुढे मतदानाला ठेवला. त्यातला विचार असा, की गाडी जमेल तितकी वेगवान करायची नाही, गरजेपुरती करायची. झुरिक-बर्न प्रवास तासाच्या आत आला पाहिजे. का? ताशी अमुक किलोमीटरचा विक्रम म्हणून नव्हे. तासाच्या आत आला तर जंक्शनवर बाकीच्या दिशांच्या गाड्या उभ्या सापडतात. म्हणजे आधी वेळापत्रक लिहिलं आणि ते साधण्यापुरता रूळ बांधला. आपल्याकडे आधी रूळ, मग जमेल तशी गाडी, मग जमलं तर वेळ.

हे पूर्णेला लावून बघा. पूर्णा हे तीन दिशांचं जंक्शन. परभणी तीस किलोमीटरच्या आत, नांदेड तीसच्या आसपास, हिंगोली ऐंशी. सकाळी हिंगोलीहून निघालेली मेमू पूर्णेला पोचते, समोर एक परभणीकडची आणि एक नांदेडकडची उभी आहे, दहा मिनिटांत तिघी आपापल्या वाटेला. दहाच्या आत कचेरी, कॉलेज, दवाखाना. संध्याकाळी उलट. दुसरी गाडी वाशीमहून हिंगोलीला, परत तशीच. यासाठी लागतात चार-पाच साध्या गाड्या आणि त्यांच्यासाठी रोज ठरावीक वेळी राखलेला मार्ग. राखलेला म्हणजे राखलेला, एक्स्प्रेस उशिरा असली तरी.

एक अडचण प्रशासनाचीही आहे, ती टाळून चालणार नाही. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे झाली, आपण तिच्यात. २००३ पासून नांदेड विभाग, पण मुख्यालय सिकंदराबादला. अकोला स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. निजाम गेला, कलदार गेला, करोडगिरी गेली, आणि तरी हिंगोलीची गाडी वऱ्हाडात शिरते तेव्हा तिला दुसऱ्या घरच्या दारातूनच जावं लागतं. नांदेड विभाग मध्य रेल्वेत न्यावा ही जुनी मागणी आहे. मी तिच्या बाजूने आहे, पण थोडा सावध. मुख्यालय मुंबईला गेलं की वाशीम जवळ येईल, हे गृहीत धरू नका. मुंबई तर सिकंदराबादहून लांब आहे. (हशा)

जाता जाता एक. औंढ्याजवळ लायगो प्रकल्प होतोय, २०२३ मध्ये केंद्राने अडीच हजार कोटींच्या वर मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यात अणूच्या केंद्रापेक्षाही लहान अंतराचा फरक मोजायचा. अशा जागेला शांत जमीन लागते, अमेरिकेतल्या तशाच एका केंद्राला जवळून जाणाऱ्या रेल्वेचा त्रास होतो. माझे एक मित्र म्हणाले, सर, म्हणूनच आपल्याला गाड्या कमी दिल्यात! (हशा) विनोद सोडा. जगभरचे शास्त्रज्ञ इथे येणार, त्यांच्यासाठी चांगली गाडी येईल आणि यावी. पण तिथे काम करणारा वसमतचा फिटर, औंढ्याची नर्स, हिंगोलीचा कारकून कसा येणार, हे कोणत्या कागदावर आहे?

या सभागृहात तरुण मंडळी आहेत, म्हणून एक काम सांगतो. मोठं नाही. एक महिना आपापल्या स्टेशनवर उभं राहून मोजा, सकाळच्या पॅसेंजरमधून किती चढले, किती उतरले, कुठून, कशासाठी. मालसेलू, नांदापूर, बोल्डा, चोंढी, अशी लहान स्टेशनंसुद्धा. आपल्याकडे निवेदनं पुष्कळ आहेत, हा आकडा नाही. गाडीत नसलेले पण असते तर बसले असते, असे स्टँडवर मोजा. मी नांदापूर घेतो, माझ्याने तेवढं उभं राहवेल.

साडेसात झाले, बाहेरगावच्यांना गाडी गाठायची असेल. असेल तर. प्रश्न असतील ते घेऊ या.